नेरूळच्या मैदानापर्यंतचा रस्ता

स्मरणिका समितीनं लेख मागितला तेव्हा मी आधी घरातला माळा उपसला. मला एक वही हवी होती आणि ती सापडली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, वर माझ्या शाळकरी अक्षरात ‘क्रिकेट – इयत्ता ८ वी ते १० वी’. आपल्या १९९८ च्या तुकडीतल्या मुलांना ती नक्की आठवत असेल. शनिवारी शाळा सुटली की तुमचे सामने व्हायचे आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून धावा लिहायचे. तेवीस काढल्या की एकवीस, असं भांडण निघालं की वही उघडायची आणि भांडण मिटायचं. आता मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठल्या प्रणालीत कधी काय बिघडलं याच्या नोंदी वाचण्यात माझा निम्मा दिवस जातो. सवय तिथलीच.

वहीत एकूण ३४ सामने आहेत. ३३ सामन्यांत एकाही मुलीचं नाव नाही. एका सामन्यात आहे. जानेवारी १९९७, नववी अ विरुद्ध नववी ब. ‘ब’चा एक गडी तापानं घरी होता, म्हणून आपल्या वर्गातली एक मुलगी खेळली. तिच्या नावापुढे मी लिहिलंय: ४ षटकं, ११ धावा, ३ बळी. तिचं नाव इथे देत नाही, कारण तिनंच देऊ नको म्हणून सांगितलंय. पण त्या दिवशी तिच्याकडून त्रिफळा उडवून घेतलेले तिघेही या संमेलनाला येणार आहेत, त्यांना ओळख सांगायची गरज नाही.

ती लेगस्पिन टाकायची. सिडकोच्या चार मजली इमारतीत राहायची. मोठ्या भावाला फलंदाजीचा सराव हवा असे, म्हणून गच्चीवर तासन्‌तास रबरी चेंडू टाकून तिचं मनगट तयार झालं होतं. त्या सामन्यानंतर सरांनी तिला महिनाभर नेटमध्ये बोलावलं, हातात सीझन बॉल दिला. मग ती यायची बंद झाली. घरून आणि शाळेतूनही ‘चेंडू लागेल’ हे कारण सांगितलं जात होतंच. पण तिला थांबवलं ते दुसऱ्याच एका वाक्यानं. सर तिला म्हणाले, “शिकवीन गं मी, पण पुढे पाठवू कुठे तुला?” सरांच्या बोलण्यात खोट नव्हती. आंतरशालेय स्पर्धेच्या अर्जावर मुलींच्या संघाचा रकानाच नव्हता.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून सरांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. १९९७ साली पुढे पाठवायला खरंच कुठे जागा नव्हती का? मी वाचत गेले, विचारत गेले, तेव्हा उत्तर मिळालं की जागा होती. रस्ता होता. कच्चा होता, दिवे नव्हते, पाटी नव्हती, पण होता. तो कोणी बांधला आणि आपल्या शाळेच्या फाटकापर्यंत का पोचला नाही, हे मला या लेखात मांडायचं आहे.

तीन संघ, मग आठ, मग चौदा

मुंबईत आलू बमजी यांनी १९६९ मध्ये ‘अल्बीज’ हा महिलांचा क्रिकेट क्लब काढला. देशभराची संघटना उभी राहिली ती १९७३ मध्ये, लखनौला. महेंद्रकुमार शर्मा या गृहस्थांनी भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी केली. बेगम हमीदा हबीबुल्ला तिच्या अध्यक्ष झाल्या.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या पुण्यात झाली. संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांच्या स्पर्धेला राष्ट्रीय म्हणायचं धाडस ज्यांनी केलं, त्यांचं मला फार कौतुक वाटतं. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला दुसरी स्पर्धा भरली तेव्हा आठ संघ आले. कोलकात्याच्या तिसऱ्या स्पर्धेत चौदा. पाठोपाठ विभागीय संघांसाठी राणी झाशी करंडक सुरू झाला आणि विद्यापीठांच्या संघांची स्पर्धा राजकोटला भरली. कॉलेजातल्या मुलींना खेळायला एक निमित्त मिळालं. मुली आधीपासून खेळत होत्याच, म्हणून तर कोणी बोलावल्याबरोबर चौदा राज्यांचे संघ उभे राहिले. अंगणात, गच्चीवर, भावांबरोबर खेळणाऱ्या मुली काही एका वर्षात तयार होत नाहीत.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचविशीच्या आतला संघ भारतात आला. पुण्याच्या सामन्यात आपल्या संघाची कर्णधार होती उज्ज्वला निकम. ३१ ऑक्टोबर १९७६ ला बंगळूरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला अधिकृत कसोटी सामना सुरू झाला, कर्णधार शांता रंगास्वामी. त्याच मालिकेत नोव्हेंबरमध्ये पाटण्याला भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला. बघायला हजारोंची गर्दी लोटली होती. ‘बायकांचं क्रिकेट कोण बघतं’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याला पाटण्याच्या लोकांनी आपल्या जन्माआधीच उत्तर दिलं होतं. १९७८ मध्ये महिलांचा विश्वचषक भारतात झाला. चारच संघ होते, भारताची कर्णधार होती मुंबईची डायना एडुलजी. आपण तिन्ही सामने हरलो.

गाडीभाड्याचा प्रश्न

या पिढीतल्या खेळाडूंच्या मुलाखती वाचताना एक गोष्ट परत परत समोर येते. फलंदाजी-गोलंदाजीपेक्षा जास्त बोलणं प्रवासाचं असतं. बिनआरक्षणाच्या डब्यातून लांबचे प्रवास, रात्री सतरंजीवर झोप, सामायिक खोल्या, एकमेकींच्या बॅटी वापरणं. १९८२ चा विश्वचषक न्यूझीलंडला होता. प्रत्येकीला दहा हजार रुपये भरायला सांगितले होते. महाराष्ट्रातल्या खेळाडूंना ते परवडेनात, तेव्हा त्या मुख्यमंत्री अंतुले यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी मदत केली. त्या काळात दहा हजार म्हणजे कित्येक घरांत वडिलांच्या वर्षभराच्या पगाराएवढी रक्कम. देशासाठी खेळायचं आणि त्यासाठी पैसेही आपणच भरायचे.

रस्ता थोडा पक्का झाला तो रेल्वेमुळे. डायना एडुलजी पश्चिम रेल्वेत नोकरीला होत्या. रेल्वेनं महिलांचा संघ बांधावा यासाठी त्यांनी पाठपुरावा केला आणि १९८० च्या दशकात तो उभा राहिला. पुढची कित्येक वर्षं देशातला सगळ्यात बलाढ्य संघ रेल्वेचाच होता. याचं कारण समजायला फार हुशारी लागत नाही. रेल्वेत खेळाडूला महिन्याचा पगार मिळे, सरावाला मैदान मिळे, स्पर्धेला जायला रजा मिळे आणि प्रवासाला पास मिळे. घरी सांगायला ‘सरकारी नोकरी आहे’ हे वाक्य मिळे, आणि लग्नाच्या बाजारात ते ‘क्रिकेट खेळते’पेक्षा बरं दिसे. मिताली राजपासून हरमनप्रीत कौरपर्यंत अनेकींच्या कारकिर्दीला या नोकरीचा टेकू मिळाला.

म्हणजे सरांनी ‘पुढे पाठवू कुठे’ असं विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं. मुंबईचा महिला संघ होता, राष्ट्रीय स्पर्धा होत्या, रेल्वेची भरती होती. नेरूळहून लोकलनं तासाभराच्या अंतरावर चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयात भारताची माजी कर्णधार नोकरी करत होती. सरांना हे माहीत नव्हतं, आपल्या पालकांना नव्हतं, वर्गातल्या मुलांना नव्हतं. आणि क्रिकेटच्या नोंदी ठेवणाऱ्या मलाही नव्हतं. वर्तमानपत्रातला खेळाचा मजकूर मी रोज शब्द न्‌ शब्द वाचत असे. त्यात हे क्वचितच, अगदी कोपऱ्यात येई.

डिसेंबर १९९७

याचा सगळ्यात बोचरा पुरावा आपल्याच दहावीच्या वर्षातला आहे. डिसेंबर १९९७ आठवा. सराव परीक्षा तोंडावर, क्लासच्या वाऱ्या, जर्नल पूर्ण करायची घाई. त्याच महिन्यात महिलांचा विश्वचषक भारतात चालू होता. भारत उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि ऑस्ट्रेलियाकडून हरला. २९ डिसेंबरला ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियानं न्यूझीलंडला हरवून चषक नेला.

आणि १६ डिसेंबर १९९७ ला वांद्र्याच्या एम. आय. जी. मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक, पुरुष आणि महिला दोन्ही धरून पहिलं. सचिननं ग्वाल्हेरला दोनशे केल्या त्या २४ फेब्रुवारी २०१० ला, म्हणजे बारा वर्षांनी. ऑफिसमधले सगळे त्या दिवशी एका स्क्रीनपाशी गोळा झाले होते. ‘जगातलं पहिलं द्विशतक’ असं प्रत्येक जण म्हणत होता, मीही म्हणाले. क्रिकेटचे आकडे पाठ असणारी मी! आपल्या शाळेपासून गाडी बदलून सव्वा तासावर घडलेली गोष्ट मला कळायला आणखी कित्येक वर्षं जावी लागली.

आपल्या मैत्रिणीला त्या डिसेंबरात कोणी वांद्र्याला नेलं असतं तर? ती भारतीय संघात गेली असती असं मी म्हणत नाही. एका शनिवारच्या तीन बळींवरून असं काही ठरत नाही. पण मुली खेळतात, देशाचा गणवेश घालून खेळतात, एवढं तरी तिनं डोळ्यांनी पाहिलं असतं. मग थांबायचं की नाही हे तिला स्वतःला ठरवता आलं असतं.

मैदान कोणाला, कधी

पुढची वाटचाल आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. २००५ मध्ये मिताली राजच्या नेतृत्वाखाली भारत पहिल्यांदा विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हरला. त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्याला हजार रुपये मिळाले, असं मितालीनं नंतर सांगितलं आहे. २००६ मध्ये महिला क्रिकेटचा कारभार बीसीसीआयकडे आला. विमानाची तिकिटं, बऱ्या खोल्या, चांगली मैदानं हळूहळू मिळू लागली.

पण मैदान मिळणं आणि मैदानावर हक्क असणं यांत फरक आहे. २०१३ चा महिला विश्वचषक मुंबईत होता, सामने वानखेडेवर ठरले होते. मुंबईचा पुरुष संघ रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला, त्याला वानखेडे हवं होतं, म्हणून मुलींचे सामने ब्रेबोर्न आणि इतर मैदानांवर हलवले गेले. आपल्या पीटीच्या तासाची आठवण येते ना? मुलांची मॅच असली की आपला थ्रोबॉल शाळेमागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर जायचा. प्रमाण वेगळं, रीत तीच.

२०१७ मध्ये वारं फिरलं. २३ जुलैला लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारत जिंकता जिंकता ९ धावांनी हरला. मुंबईच्या पूनम राऊतनं ८६ धावा केल्या होत्या. तो सामना देशभर घराघरांत पाहिला गेला. माझ्या सासूबाईंनी त्या रविवारी मालिका लावली नाही, यावरून काय ते ओळखा. सांगलीची स्मृती मानधना, वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज अशी नावं शाळेतल्या मुलींच्या तोंडी आली. स्मृतीनं २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केल्या होत्या. जेमिमानंही मुंबईसाठी त्याच वयोगटात नाबाद २०२ केल्या. महत्त्वाचं हे की या वेळी अशा बातम्या कोपऱ्यात राहिल्या नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंना प्रत्येक सामन्याचं मानधन सारखं करण्याचा निर्णय झाला: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, ट्वेंटी-२० ला ३ लाख.

आपल्या गावातलं मैदान

आता नेरूळकडे येते. आपण शाळेत होतो तेव्हा महामार्गाच्या कडेला मोकळे भूखंड आणि उन्हाळ्यात धुळीचे लोट होते. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आवारातलं हे स्टेडियम ४ मार्च २००८ ला उघडलं. हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी त्याचा आराखडा केला. छताला मध्ये खांब नाहीत, त्यामुळे कुठूनही बसून खेळपट्टी दिसते. त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला.

पण या मैदानाचा मुलींच्या खेळाशी जुळलेला संबंध २०२२ पासूनचा. त्या एका वर्षात इथे काय काय झालं पाहा. जानेवारीत महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत भारतीय मुली इथे इराणशी खेळल्या. मग संघात कोरोनाची लागण झाली, पुढचा सामना खेळायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि घरच्याच स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. अंतिम सामनाही इथेच झाला, चीननं दक्षिण कोरियाला हरवलं. ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत झाली, स्पेन जिंकलं. आणि डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला ट्वेंटी-२० खेळायला आल्या.

११ डिसेंबर २०२२, रविवार. प्रवेश मोफत होता. मी त्या मैत्रिणीला फोन केला. “वेळ मिळाला तर येते,” म्हणाली आणि माझ्या आधी फाटकाशी हजर होती. आम्हाला वाटलं होतं रिकाम्या खुर्च्या असतील, पण आत ४५ हजारांच्या वर माणूस होतं. बाबांच्या खांद्यावर बसलेल्या मुली, घोळक्यानं आलेल्या कॉलेजच्या पोरी, आणि स्मृतीच्या नावाचा शर्ट घातलेले मुलगे. हे शेवटचं पाहून मैत्रीण हसायलाच लागली.

ऑस्ट्रेलियानं १ बाद १८७ केल्या. स्मृतीनं ७९ काढल्या, रिचा घोषनं शेवटी फटकेबाजी केली आणि अखेरच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या. पुण्याच्या देविका वैद्यनं चौकार मारला. बरोबरी! सुपर ओव्हरमध्ये भारतानं २० केल्या, ऑस्ट्रेलियाला १६ च जमल्या. मी सवयीनं एका छोट्या डायरीत धावा लिहीत होते, पण शेवटच्या षटकाच्या नोंदी नाहीत. तेव्हा आम्ही दोघी खुर्चीवर उभ्या होतो.

परतताना गर्दीत चालता चालता ती म्हणाली, “मला वाटायचं मी सोडलं. मी सोडलं नव्हतं गं, मला जायला जागाच नव्हती.” पंचवीस वर्षं तिनं स्वतःलाच बोल लावला होता. मला त्या क्षणी सुचलं नाही, पण नंतर वाटलं, माझाही यात वाटा आहे. तिचे तीन बळी मी वहीत लिहिले आणि वही मिटली. पुढच्या शनिवारी ‘तिला घ्या’ असं मी एकदाही म्हटलं नाही. स्कोअर लिहिणाऱ्याचं ते काम नाही, असं मी समजत होते.

मार्च २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग याच मैदानावर सुरू झाली. पहिला सामना ४ मार्चला होता, बरोबर स्टेडियमच्या पंधराव्या वाढदिवशी. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली. भारतातली महिलांची त्याआधीची कसोटी २०१४ ची, म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेली होती. पहिल्याच दिवशी भारतानं ४०० ओलांडल्या. दीप्ती शर्मानं इंग्लंडच्या पहिल्या डावात ७ धावांत ५ बळी घेतले. ३४७ धावांनी विजय, महिला कसोटीतला धावांच्या हिशेबात सगळ्यात मोठा. तिसऱ्या दिवशी सकाळीच सगळं आटोपलं.

या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. शारदाश्रमच्या सचिन-कांबळीच्या ६६४ धावांच्या भागीदारीत पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, तरीही भारताची टोपी कधी मिळाली नाही. तयारी असून जागा न मिळणं म्हणजे काय, हे या मुलींना समजावून सांगायची त्यांना गरज पडली नसावी, आणि मुलींनाही ते नव्यानं शिकायचं नव्हतं.

ती रात्र

२०२५ च्या विश्वचषकाचे काही सामने बंगळूरला ठरले होते. ऑगस्टमध्ये ते तिथून हलवून नेरूळला दिले गेले. २०१३ मध्ये मुलींना मोठ्या मैदानावरून उठवलं होतं. या वेळी मुलींच्या स्पर्धेसाठी मोठं मैदान शोधलं गेलं.

३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं ३३८ केल्या. एवढ्या धावा महिलांच्या एकदिवसीय सामन्यात कोणीच पाठलाग करून काढल्या नव्हत्या. जेमिमानं नाबाद १२७, हरमनप्रीतनं ८९ करून त्या काढल्या. याच स्पर्धेत एका सामन्यात जेमिमाला संघाबाहेर बसवलं होतं.

२ नोव्हेंबरला अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी. पावसामुळे दोन तास उशीर झाला. छत्र्या मिटल्या तरी माणसं हलली नाहीत. भारतानं ७ बाद २९८ केल्या. त्यात शफाली वर्माच्या ८७. शफाली मुळात संघात नव्हतीच. प्रतिका रावल याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध जखमी झाली म्हणून तिला बोलावलं. रोहतकमध्ये मुलींना अकादमीत घेत नव्हते, तेव्हा लहानपणी केस कापून, मुलगा म्हणून खेळलेली ही पोर. अंतिम सामन्यात तिनं दोन बळीही घेतले. लॉरा वॉल्व्हार्टनं शतक करून जीव टांगणीला लावला होता. ती बाद झाली आणि दीप्तीनं ३९ धावांत ५ बळी पूर्ण केले. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतनं मागे धावत शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी विजय.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते नंतरचं. चाकाच्या खुर्चीतली प्रतिका सगळ्यांबरोबर होती. आणि मैदानाला फेरी मारताना खेळाडूंनी चषक नेऊन झूलन गोस्वामी, मिताली राज आणि अंजुम चोप्राच्या हातात दिला. झूलन रडत होती. ज्यांनी रस्ता बांधला त्यांच्या हाती चषक देण्याचं या मुलींना आपणहून सुचलं.

आपल्या फाटकापाशी

इतिहास इथे संपतो. आता एक विनंती.

लेख लिहिण्याआधी मी शाळेत जाऊन आले. पीटीच्या बाईंनी आनंदानं सांगितलं की आता नऊ मुली क्रिकेटला येतात. नऊ! आपल्या वेळी एक होती, तीही तापकऱ्याच्या जागी. पण नेट एकच आहे आणि आठवड्यातले पाच दिवस ते मुलांकडे असतं. मुलींसाठीचा चेंडू थोडा हलका असतो, तो शाळेत नाहीच. त्या पुरुषांच्या चेंडूनं सराव करतात. आणि मागच्या वर्षी निवड चाचणी शहरात दुसऱ्या टोकाला होती, तेव्हा दोन मुली गेल्याच नाहीत. कारण विचारलं तर बाई म्हणाल्या, “जायचा-यायचा खर्च, आणि सोबत कोण जाणार?”

१९७३ पासूनचा तोच प्रश्न, अजून आपल्या फाटकापाशी उभा आहे.

आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला दगडी कमान बांधून द्यायची, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. कमानीला माझा विरोध नाही, चांगली दिसेल. पण त्या निधीतून आधी मुलींसाठी दुसरं नेट, योग्य वजनाचे चेंडू, दोन किट आणि स्पर्धा-चाचण्यांच्या प्रवासखर्चाची कायमची सोय व्हावी, असं मी सुचवते. आठवड्यातले दोन दिवस मैदान मुलींचं, हे शाळेनं वेळापत्रकात लिहून द्यावं. अंदाजपत्रक करून समितीकडे दिलं आहे. बेरीज दोनदा तपासली आहे.

सोबत जायला कोण, याचं उत्तर मिळालं आहे. आपली ती मैत्रीण शनिवारी मोकळी असते. गेले दोन महिने ती शाळेच्या नेटमध्ये येते आणि मुलींना लेगस्पिन कसा धरायचा ते दाखवते. आपले सर आता सत्तरी ओलांडून गेले आहेत, त्यांना मी हे फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिला सांग, खांदा जपून टाक म्हणावं.”

वही मी संमेलनाला घेऊन येणार आहे. ज्यांना आपले स्कोअर पाहायचे असतील त्यांनी पाहावेत. मागची तीस-चाळीस पानं कोरी आहेत. ती मी शाळेत देऊन टाकणार आहे, मुलींचे सामने लिहायला.